उशीखालचं शरीरशास्त्र

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. नर्सिंग कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या झाडून साऱ्या मुली खुर्च्यांवर, खुर्च्यांच्या मधे, खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर शरीरशास्त्राचं जाडजूड पुस्तक होतं. हातात नव्हे, डोक्यावर. मंचावर पांढरा डॉक्टरी कोट घातलेला एक गृहस्थ डोळे मिटून उभा होता. गळ्यात स्टेथोस्कोप होता, तोही उलटा.

"वाहू द्या!" तो गरजला. "ज्ञान जड असतं, मुलींनो! जड वस्तू खाली येते. पुस्तक वर, मेंदू खाली. वाहू द्या!"

हे स्मरणमहाराज. पहिल्या रांगेत आमचे प्राचार्य बसले होते. त्यांच्यापाशी पुस्तक नव्हतं, म्हणून त्यांनी कॉलेजचं माहितीपत्रकच टकलावर ठेवलं होतं.

"आता प्रचीती! कोण येतं वर?"

एक हात सगळ्यांच्या आधी वर गेला. तो माझ्या भाचीचा होता, थोरल्या भावाच्या मुलीचा. ती माझ्याच घरी राहून शिकत होती.

महाराजांनी तिच्या कपाळाला निळी पट्टी बांधली, पुस्तक मधेच कुठेतरी उघडलं आणि तिच्या नाकासमोर धरलं. "वाच. ओळखीचं वाटतं?"

"हृदयाला चार कप्पे असतात," ती वाचू लागली. "वरच्या दोन कप्प्यांना..." तिचा आवाज कापरा झाला. "महाराज, हे सगळं मला येतंय! पुढची ओळ वाचायच्या आधीच कळतेय!"

टाळ्यांनी छत हादरलं. कुणीतरी रडायलाही लागलं. पुस्तक तिच्या डोळ्यांसमोर सताड उघडं होतं, ही बारीकशी गोष्ट मात्र कुणालाच खटकली नाही.

"वाचन ही मजुरी आहे!" महाराज सुटले. "घोकतो तो गाढव, झोपतो तो ज्ञानी! पट्टी बांधा, पुस्तक उशीखाली ठेवा, निवांत झोपा. सकाळी पान उघडा. ओळखीचं वाटलं की समजा, उतरलं!"

मी या कॉलेजात शरीरशास्त्र शिकवते. मुली पाठीमागे मला कात्री म्हणतात. त्यांचं काही चुकत नाही.

भाचीची गोष्ट साधी होती. सहामाहीत ती माझ्याच विषयात नापास झाली होती. वार्षिक परीक्षेतही गेली, तर जागा जाणार आणि पुन्हा प्रवेश नाही, असा आमच्याकडचा नियम. दादा कारखान्यात लेथवर काम करतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मी आणि दुसरी ही. परीक्षा तोंडावर आली होती आणि पोरगी दुपारीसुद्धा कपाळाला पट्टी बांधून घोरत होती.

"ऊठ," मी म्हटलं. "वही घे. मूत्रपिंडाची आकृती काढ."

"आत्या, मला येतं ते. सकाळीच पान बघितलं. सगळं ओळखीचं वाटलं."

"ओळखीचं वाटलं ना? मग काढ."

"तू मुद्दाम अडवतेस. पुस्तक दे, लगेच दाखवते."

"पुस्तक बघून कुणीही दाखवील. आपल्या दूधवाल्यालाही दाखवता येईल."

"तुला महाराजांचा मत्सर वाटतो," ती उशीत तोंड खुपसून म्हणाली. "तुझ्या तासाला कुणी टाळ्या वाजवत नाही ना, म्हणून."

महाराज येण्याआधी तरी तिनं काय दिवे लावले होते! या मुलींची अभ्यासाची एक खास रीत आहे. पुस्तक उघडायचं, पिवळा पेन घ्यायचा आणि महत्त्वाच्या ओळी रंगवायच्या. महत्त्वाची नाही अशी ओळ त्यांना सापडत नाही, त्यामुळे पुस्तक कावीळ झाल्यासारखं दिसतं. मग तीच पिवळी पानं पुन्हा वाचायची, परत वाचायची, आणि छान वाटलं की झोपायचं. महाराजांनी त्यातली वाचायची तसदी तेवढी वाचवली. छान वाटणं तसंच ठेवलं.

परीक्षेला आठवडा उरला असताना महाराजांची दुसरी बैठक ठरली. प्राचार्य मला म्हणाले, "मॅडम, उजळणीसाठी पुस्तकातल्या दोन-चार पानांच्या झेरॉक्स काढून द्या. महाराज त्यांना स्पर्श करतील."

"देते की," मी म्हटलं. इतक्या गोड आवाजात मी प्राचार्यांशी कधी बोलले नव्हते. त्यांना संशय यायला हवा होता.

बैठकीत पानं वाटली गेली. डोकी झुकली, महाराजांनी सगळ्यांवरून हात फिरवला. मग त्यांनी विचारलं, "ओळखीचं वाटतं?"

"हो!" सभागृह एका सुरात ओरडलं.

मी उठून मंचावर गेले. "महाराज, शेवटचं पान फार कठीण आहे. उदरकर्णिका. मुलींना तेही येतं का, एवढं बघू द्या."

"बघा की!" महाराजांनी छाती फुगवली. "ते पान तर मी कालच ध्यानात त्यांच्याकडे पाठवलं."

"कुणाकुणाला उदरकर्णिका ओळखीची वाटते?"

हातांचं रान उगवलं. मी बोट दाखवून भाचीला उभं केलं. दुसऱ्या कुणाला करता आलं असतं. मी तिलाच केलं.

"आत्या... मॅडम, पूर्ण येतं," ती म्हणाली आणि कागदावरून घडाघडा वाचू लागली. "यकृताच्या डाव्या पाळीमागे उदरकर्णिका ही लहानशी ग्रंथी असते. तिच्यातून पाझरणारा द्रव पचनास मदत करतो. तिला आलेली सूज रात्री वाढते..." वाचून झाल्यावर तिनं विजयी नजरेनं माझ्याकडे पाहिलं. "हे तर मी सहामाहीच्या वेळीसुद्धा वाचलं होतं."

"शाब्बास. महाराज, तुम्हालाही ओळखीचं?"

"अहो, माझ्या आवडीचा अवयव आहे तो!"

"माणसाच्या शरीरात उदरकर्णिका नावाचा अवयव नाही," मी म्हटलं. "परवा घरी भांडी घासता घासता मी तो तयार केला. हात धुऊन टाइप केला. हे पान पुस्तकात नाही, कुठल्याच पुस्तकात नाही."

भाची उभीच होती. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग हसू पसरत गेलं. आत्ता हात वर केलेल्या मुलीच सगळ्यात जोरात हसत होत्या. मी त्यांना थांबवलं नाही.

महाराज मात्र निगरगट्ट. "तो सूक्ष्म अवयव आहे! विज्ञानाला अजून सापडलेला नाही!"

"मग त्याचं नाव मी भांडी घासताना ठेवलं, तेव्हा तुम्ही कुठे होता? नळाखाली?"

मी मुलींना कागद पालथे करायला लावले. "आता कोऱ्या बाजूवर हृदयाचे चार कप्पे लिहा. त्या दिवशी मंचावर वाचले होते, तेच."

पेनं निघाली. थोड्या वेळानं मी रांगांमधून फिरले. दोघी-तिघींनी धड लिहिलं होतं. बाकीचे कागद धुतल्यासारखे स्वच्छ होते. भाचीच्या कागदावर फक्त तिचं नाव होतं.

"हीच सगळी करामत," मी म्हटलं. "ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. रस्त्यात दिसणारी शंभर तोंडं तुम्ही ओळखता, त्यातल्या एकाचं तरी चित्र डोळे मिटून काढता येतं का? हे शब्द तुम्ही वर्षभर माझ्या तासाला ऐकलेत, पिवळे करून ठेवलेत. ते पुन्हा दिसले की मनाला गुदगुल्या होतात, त्या गुदगुल्यांना तुम्ही ज्ञान म्हणता. या माणसानं तुम्हाला काहीही दिलेलं नाही. त्यानं फक्त पुस्तक कधी मिटू दिलं नाही. उद्या रुग्णाचा श्वास अडकेल, तेव्हा 'ओळखीचं वाटतंय' असं त्याला सांगणार आहात?"

महाराज मागच्या दारानं गेले. प्राचार्य त्यांना गेटपर्यंत सोडायला गेले, कारण पाहुण्याचा मान राखायला हवा ना!

घरी भाची जेवली नाही. शेवटी म्हणाली, "मलाच का उभं केलंस?"

"कारण जागा तुझी जाणार आहे. हसणाऱ्यांची नाही."

त्या आठवड्यात मी तिची पाठ सोडली नाही. एक प्रकरण वाचायचं, पुस्तक मिटायचं, आठवेल ते लिहायचं, मग उघडून चुका बघायच्या. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा, न बघता. मधे दुसरा विषय, रात्री पुरती झोप. ती रडायची. "आत्या, काहीच आठवत नाही. आधी किती बरं वाटायचं!"

"आठवत नाही म्हणून डोकं दुखतंय ना? अभ्यास तोच. बरं वाटत होतं तो नव्हता."

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मूत्रपिंडाची आकृती तिनं एकटीनं काढली. वाकडी होती, पण सगळी नावं जागेवर. पण वर्षभर नुसतं रंगवलेलं नि उशीखाली ठेवलेलं पुस्तक आठवड्यात डोक्यात जात नाही. माझ्याच विषयात ती पुन्हा नापास झाली. पेपर बाहेरच्या परीक्षकांनी तपासला होता. मी तपासला असता तरी तेच झालं असतं.

दादा तिला न्यायला आला. चहाला हात न लावता माझ्यावरच उखडला. "भर सभेत पोरीची श्रद्धा मोडलीस तू! महाराजांच्या कृपेनं तिला सगळं यायला लागलं होतं. फोनवर रोज सांगायची. तू नाक खुपसलं नसतंस तर तिची जागा राहिली असती."

मी काही बोलणार तोच भाची बॅगेची चेन ओढता ओढता थांबली.

"बाबा, आत्याला बोलू नका. तिनं माझं काही घालवलं नाही. घालवायला डोक्यात काही असावं लागतं."

"अगं, पण तूच म्हणायचीस ना, सगळं येतंय म्हणून?"

"दिसत होतं, बाबा," ती म्हणाली. "येत नव्हतं."

दादाला ते कळलं की नाही, ठाऊक नाही. तिला कळलं होतं, आणि जागा गेल्यावर कळलं होतं. इतक्या उशिरा कळल्याचा मला अजूनही राग येतो.

आता दर वर्षी पहिल्याच तासाला नव्या मुलींना मी ही हकिगत सांगते. माझ्या भाचीची म्हणून सांगते, आडपडदा ठेवत नाही. ऐकताना त्या माना डोलावतात, सगळं पटल्यासारख्या. मग मी म्हणते, माना डोलावू नका. पटणं हेसुद्धा ओळखीचं वाटण्यासारखंच असतं, त्यावर विसंबू नका. कुणी झोपेत, पट्टीत, स्पर्शात ज्ञान देतो म्हणाला, तर त्याला एकच सांगा, पुस्तक मिटू आणि मग बघू. स्वतःलाही रोज तेच सांगा. चला, आता पुस्तकं मिटा आणि मी काय सांगितलं ते लिहून दाखवा.