रापणीचा वाटा

वीस पडलं की पूर्वी आम्ही घसा फुटेपर्यंत ओरडायचो. वीस बाजूंच्या फाशावर वीस, म्हणजे क्रिटिकल, राक्षसाला दुप्पट मार. त्यातला जादा मार जेवढा, तेवढा जीव आमच्या जखमी लढवय्यांत सारखा वाटायचा, हा आमचा घरगुती नियम. सूरजने तो त्याच्या बाबांच्या रापणीवरून, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्यावरून, उचलला होता. जाळ्याच्या दोराला ज्याचा हात लागला, त्याला मासळीचा वाटा.

आता आम्ही आपापल्या घरून संगणकावरच्या टेबलावर खेळतो. मी रत्नागिरीत, आरोही देवरूखला, विनीत अलोऱ्यात. खेळ चालवतो सूरज, आणि वाटण्या करते त्याने लिहिलेली स्क्रिप्ट, एक छोटा प्रोग्रॅम. तिथेच पाणी मुरत होतं.

रविवारी दुपारी माझी कातळी मरायला टेकली होती. कॉलेजपासून जपलेली लढवय्यी ती. विनीतला वीस पडलं, जादा मार बारा. आम्ही तिघंही जखमी, म्हणजे मला चार यायला हवेत. आले तीन.

"सूरज, माझा एक जीव कुठे गेला?"

"स्क्रिप्ट करते गो सगळा. मी हात पण नाय लावत."

चोरही असंच बोलतो, मी मनात म्हटलं. आरोही म्हणाली, "रुचिरा, खेळ ना बाई!" म्हणजे तीही सामील. मला एकदा संशय आला की मी कोणालाच सोडत नाही.

मी खेळाचा सगळा नकाशा धुंडाळला. कोपऱ्यात निलेशचा तिरंदाज अजून आडवा पडलेला. निलेश आमच्यातला चौथा खेळाडू. मुंबईला नोकरीसाठी गेला, तो सूरजशी कडाक्याचं भांडून. त्याचं नाव काढायचं नाही, असं सूरजने आम्हाला बजावलं होतं. मी तिरंदाजाच्या बाहुलीवर क्लिक केलं. निलेश गेला तेव्हा तिचा जीव शून्यावर होता. आता जिवाची हिरवी पट्टी काठोकाठ भरत आलेली.

"निलेशला वाटा देतोस तू?"



"दोर धरलान होता ना त्याने," सूरज म्हणाला. "माणूस आजारी पडून घरी गेला तरी बाबा त्याचा वाटा बाजूला काढतात. स्क्रिप्ट लिवताना त्याला गाळायला हात नाय झाला." मग हळूच म्हणाला, "काढू त्याला? तुला एक जीव जास्त मिळेल. कातळी वाचेल कदाचित."

मला स्वतःचीच लाज वाटली. "नको. राहू दे," मी म्हटलं.

राक्षसाचा वार आला. कातळी एका जिवाने कमी पडली आणि गेली. मी रडले, खोटं कशाला सांगू. मग त्या हिरव्या पट्टीचा फोटो काढून निलेशला पाठवला. खाली एक शब्दही लिहिला नाही.

पुढच्या रविवारी टेबल उघडलं तर तिरंदाज कोपऱ्यात नव्हता. कातळी पडली होती तिथे, तिच्या शेजारी उभा होता.

"कोणाची पाळी?" निलेशचा आवाज आला.

उत्तर सूरजने द्यायचं होतं. त्याने माईक बंद केला, आणि पाळीची खूण निलेशच्या तिरंदाजापुढे सरकवली.