दगडावरचा नंबर

चिलारवाडी हे साताऱ्याकडचं फौजींचं गाव. घरटी एक माणूस पलटणीत, कुठंकुठं दोन. इथं नवं दार बसवलं की त्यावर आडनाव येतं आणि खाली घरच्या फौजीचा आर्मी नंबर. ट्रंकेवर नंबर, पाटीवर नंबर, एका बहाद्दरानं तर म्हशीच्या गोठ्यावरसुद्धा रंगवलाय. आणि एसटी स्टँडसमोर काळा दगड उभा आहे. जे परत आले नाहीत त्यांची नावं त्यावर कोरलीत, नंबरांसकट. दर सव्वीस जानेवारीला तिथं हार पडतो, पोरं फोटो काढतात आणि ते फोटो मोबाइलवरनं जगभर फिरतात.

त्या दगडासमोरच गावची पतसंस्था, आणि पतसंस्थेच्या काउंटरला दीपमाला. तासगावची लेक, चिलारवाडीची सून, बी.कॉम. झालेली. नवरा शिवतेज पठाणकोटला. सात वर्षांपूर्वी संस्थेचे व्यवहार मोबाइलवर आले तेव्हा म्हातारी माणसं हबकली होती. चार आकड्यांचा पिन म्हणे, आणि तो ध्यानात कसा ठेवायचा? दीपमालानं बसल्या बसल्या तोड काढली. "आवं, घरच्या फौजीच्या नंबराचं शेवटचं चार आकडं ठेवा की! जलमात इसरायचं न्हाई." गावानं तिला डोक्यावर घेतलं. सून असावी तर अशी! तिच्याही अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोला.

सोमवारी दुपारी हरणाबाई काउंटरला आली ती धापा टाकतच. तिच्या नवऱ्याचं, लान्स नाईक आकारामचं नाव त्या दगडावर तिसरं. बर्फात गेला तो, त्याला पस्तीस वर्षं झाली. हरणाबाईनं कानाचा मोबाइल काढून दीपमालाच्या हातात दिला.

"घे गं पोरी, ह्यात मेसेज आलाय. सा आकडं हायती म्हनं, वाचून दाव. सायब लाइनीवर हाय, त्याला सांगायचंत."

"कुठला सायब, आत्ती?"

"ह्यांच्या रेकॉर्ड ऑफिसातला. लय गोड बोलतोय. ह्यांचं काय येणं ऱ्हायलंय, ते खात्यात घालतोय म्हनं. आगं, ह्यांचा नंबर पाठ हाय त्याला! घडाघडा म्हनला."

दीपमालानं मेसेज बघितला. पैसे काढायचा ओटीपी होता तो. तिनं तिथल्या तिथं फोन कापला.

हरणाबाई भडकलीच. "कापलास का? माझ्या मानसाचं नाव घेणाऱ्याचा फोन कापतीस?"

"चोर हुता त्यो, आत्ती."

"चोराला ह्यांचा नंबर कुणी सांगितला?"

दीपमालानं मान वर केली. समोरच्या खिडकीतून तो काळा दगड दिसत होता.

हरणाबाई पाय आपटत गेल्यावर तिनं सांगलीला फोन लावला. संस्थेचं मोबाइलचं सगळं काम सांगलीची एक कंपनी बघायची, आणि त्या कंपनीनं संस्थेची माहिती हैदराबादच्या कुणाच्या तरी भाड्याच्या कॉम्प्युटरवर ठेवलेली. म्हणजे आपला माल दुसऱ्याच्या वखारीत, आणि वखारवाल्याचं तोंड कुणी पाहिलंय? कंपनीचा राजवर्धन मात्र बोलायला साखर.

"पिन एकदम सेफ आहेत मॅडम. आम्हालासुद्धा दिसत नाहीत."

"मग बाकीचं काय दिसतं? खरं सांगा."

तो अडखळला. पंधरा दिवसांपूर्वी त्या हैदराबादच्या कॉम्प्युटरवरून सभासदांची एक यादी बाहेर गेली होती. नावं आणि मोबाइल नंबर, बस. "तुमच्या चेअरमनना ईमेल केलाय की आम्ही. आणि मॅडम, पिन बरोबर पडल्याशिवाय तो ओटीपी जातच नाही. म्हणजे त्या बाईंचा पिन कुणाला तरी आधीच माहीत होता."

दीपमालानं रिसीव्हर ठेवला. यादीतनं नवऱ्याच्या नावासकट बाईचं नाव आणि मोबाइल मिळाला, दगडाच्या फोटोतनं त्या नवऱ्याच्या नावापुढचा नंबर मिळाला. फौजींच्या गावात पिन कसला असणार, हा अंदाज बांधून शेवटचे चार आकडे दाबले की झालं. कंपनीनं दाराची कडी काढली होती हे खरं, पण तिजोरीची किल्ली वेशीवर टांगायला हिनंच गावाला शिकवलं होतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की समोरचा चहा तिनं तसाच बाजूला सरकवला.

चेअरमन आप्पासोंनी ईमेल उघडलाच नव्हता. सगळं ऐकून त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "ह्यात तुजं नाव कशाला? चूक कंपनीची. बोर्ड लावू, कंपनी बदलू, मिटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी. माणसं बिथरली तर संस्था बसंल."

वाट सोपी होती. घरी भाकऱ्या थापताना दीपमाला तोच विचार करत होती. कंपनीच्या नावानं बोटं मोडली की गाव खूश. पण मग गाव म्हणणार, कंपनी गेली, आता आपला नंबर बरा हाय. आणि तोच पिन पुढं चालू राहणार. हा चोर गेला तर दुसरा येईल, आणि एखाद्या दिवशी हरणाबाईला मेसेज वाचून द्यायला दुसरंच कुणी भेटेल. खरं सांगावं तर सात वर्षांत कमावलेलं नाव मातीत. तिला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं ध्यान नव्हतं.

मंगळवारी सकाळी तिनं गावाला संस्थेच्या ओट्यावर बोलावलं आणि सगळं सांगितलं. यादी कंपनीकडनं गेली, पण पिनची अक्कल माझी. माझा स्वतःचा पिनसुद्धा शिवतेजच्या नंबराचाच. तुमच्यासमोर मीच आधी बदलते.

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मग रिटायर्ड सुभेदार केरबा खाकरले. "फौजेत असला कोडवर्ड वेशीवर लिवला असता तर कोर्टमार्शल झालं असतं गं." दोघं-तिघं हसले. पण मागनं विजयमाला, तिची सख्खी शेजारीण, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आणि आमी हिच्यावर डोळं झाकून इस्वास टाकला." ते दीपमालाच्या काळजाला लागलं. त्या दिवशी माणसांनी रांगेनं पिन बदलले, पण तिच्याशी धड कुणी बोललं नाही.

हरणाबाई आलीच नाही. संध्याकाळी दीपमाला तिच्या घरी गेली. म्हातारी आकारामच्या ट्रंकेवर बसली होती.

"मला अक्षर येत न्हाई," हरणाबाई म्हणाली. "फकस्त हे चार आकडं वळखते. पत्रावर असायचं. ते दिसलं की कळायचं, ह्यांचं पत्र आलं. आता तू म्हंतीस, बदल."

"चुकलं माझं, आत्ती." दीपमालाला रडू आवरेना.

"आज परत आला हुता त्याचा फोन. म्या इचारलं, ह्यांची आई ह्यांना कुठल्या नावानं हाक मारायची? ठेवला की मुडद्यानं!" हरणाबाई हसली, आणि हसता हसताच डोळ्याला पदर लावला. "पर काल दोन मिंटं म्या खरं मानलं गं. वाटलं, हितं सोडून आनखी कुणाला तरी ह्यांची आठवण हाय."

दीपमाला तिच्याशेजारी ट्रंकेवरच बसली. मग तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं.

हरणाबाईच्या खात्याचे मोबाइलवरचे व्यवहार दीपमालानं तात्पुरते बंद ठेवले, आणि त्यानंतर रोज काउंटर बंद झालं की ती तिच्या घरी जायची. एकापासून नऊपर्यंत आकडे शिकवायची, आणि शून्य; वर नवा पिन कुणालाही सांगायचा नाही, हे बजावायची. सातानं म्हातारीला लय छळलं. वाकडंच काढायची, आणि वर दीपमालालाच शिव्या घालायची. दहाव्या दिवशी मात्र कॅलेंडरवर बोट ठेवील ती तारीख वाचायला लागली.

मग एका सकाळी हरणाबाई स्वतःहून काउंटरला आली.

"पिन बदलायचाय. तोंड फिरव."

दीपमालानं भिंतीकडं तोंड केलं. मागं एक-एक बटण दाबल्याचा आवाज येत होता, मधे थांबत, पुटपुटत.

"झालं," हरणाबाई म्हणाली. "ह्यांचा ऱ्हाऊ दे दगडावर. दगडाला कोन फोन करतंय?"

दीपमाला वळली. सात वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलंच, "ध्यानात ऱ्हाईल न्हवं? काय ठेवलाय, आत्ती?"

हरणाबाईनं मोबाइल कनवटीला लावला आणि तिच्याकडं रोखून बघितलं.

"तुला सांगू व्हय? कुनालाबी सांगायचा न्हाई, तूच म्हनलीस न्हवं?"

आणि ती पायऱ्या उतरून गेली. जाता जाता दगडापाशी थांबली, तिसऱ्या नावावरची धूळ पदरानं पुसली आणि घरची वाट धरली. दीपमाला खिडकीतून बघत राहिली. गावातला एकेक आकडा तिला ठाऊक असायचा, आणि आज हा नव्हता. मग तिनं डोळे पुसले.

"बराबर हाय, आत्ती," ती रिकाम्या काउंटरला म्हणाली, "अगदी बराबर हाय."