हरेशदादाचं यंत्र आणि चौदा पुटकुळ्या

हरेशदादा भिवंडीच्या गोदामातून दिवाळीला घरी आला, तेव्हा त्याने प्रतिक्षासाठी ना ड्रेस आणला, ना चपला. आणलं काय, तर बोटाएवढं पांढरं यंत्र! बटण दाबलं की लाल दिवा लगेच लागायचा आणि मिनिटभरात टोकाची टिकली तापायची. ती पुटकुळीवर टेकवली की पुटकुळी खल्लास, असं दादाचं म्हणणं.

"माझ्या बहिणीचा चेहरा कसा पाहिजे? ट्यूबलाइट!"

"म्हणजे आधी चारदा लुकलुकणार, मग लागणार?" प्रतिक्षा म्हणाली खरी, पण यंत्र काही हातातून सोडलं नाही.

सुट्टी संपली आणि मोखाड्याजवळच्या आश्रमशाळेत नववीची प्रतिक्षा परतली ती थेट डॉक्टरीणबाई होऊनच. संध्याकाळी वसतिगृहाच्या ओट्यावर मुलींची रांग लागायची. स्पिरिटच्या कापसाने टिकली पुसायची, टेकवायची, "पुढची!" असं ओरडायचं. स्वयंपाकवाल्या रंगूमावशी पोळ्या लाटता लाटता हसायच्या. "अगं बायांनो, चटकाच पाहिजे तर माझा तवा काय वाईट? त्याला चार्जिंगपण लागत नाही!"

आणि मग डीपी जळली. चार दिवस लाइट नाही. यंत्रात थोडीशी धुगधुगी उरलेली. दिवा लागायचा, टिकली मात्र तापायची नाही. ते डॉक्टरीणबाईंच्या लक्षातच आलं नाही. मुलींच्याही नाही! रोशनी तर गाल धरून म्हणाली, "आई गं! आज जास्तच चटका बसला. पण लागू पडतंय हं."

फक्त सकूने, प्रतिक्षाच्या जिवाभावाच्या आणि तितक्याच खवचट मैत्रिणीने, टिकली स्वतःच्या मनगटावर टेकवली.

"डॉक्टरीणबाई, हे माठापेक्षा गार आहे."

प्रतिक्षाने हात लावून पाहिला. खरंच गार. तिला आधी लाज वाटली, मग हसू फुटलं आणि रात्रीच्या जेवणापर्यंत डोक्यात प्रयोग तयार झाला. लाइट आल्यावर दोघींनी चौदा पुटकुळ्या निवडल्या. पाचांवर टिकली तापवून टेकवायची, पाचांवर तापायच्या आधीच, आणि चारांना हातही लावायचा नाही. कोणाला काय, ते फक्त सकूच्या वहीत. रोज पट्टीने माप.

तीन आठवड्यांनी वही विज्ञानाच्या वामन सरांपुढे ठेवली. गरमवाल्या पाचांतल्या तीन लवकर बसल्या होत्या. गारवाल्यांतल्याही तीन. काहीच न केलेल्यांतल्या दोन. आणि हनुवटीवरच्या दोन मोठ्या, खोल पुटकुळ्या, गरमच लावलेल्या, जागच्या हललेल्या नव्हत्या. सर खूश झाले. "एवढ्याशा आकड्यांवरून पक्कं काही ठरत नाही, हेसुद्धा सांगायचं. शनिवारी जव्हारला विज्ञान प्रदर्शनात तूच बोल."

प्रतिक्षा उड्या मारत वसतिगृहात आली, घरी फोन करून बातमी दिली, तर तासाभरात दादाचा निरोप. सुट्टी टाकली आहे, तोही जव्हारला येतोय. बहीण त्याच्या यंत्रावर बोलणार, ते बघायला नको?

उड्या थांबल्या. पहिल्या पगारवाढीतून घेतलेली वस्तू. गोदामातल्या सगळ्यांना दाखवून आणलेली. तिच्यावर पन्नास लोकांत असं बोलायचं?

"गारवाल्यांचं पान गाळूया का?" तिने हळूच विचारलं.

"गाळ की," सकू म्हणाली. "मग प्रयोग कसला, जाहिरातच ती. मी बाजूला उभी राहून घंटी वाजवते."

शनिवारी दादा सगळ्यांत पुढे उभा. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी लावलेलं, मोबाइल रेकॉर्डिंगला तयार. प्रतिक्षाने तक्त्यावर पट्टी ठेवली. मग तिने दादाकडे बघायचंच सोडलं आणि बोलायला लागली.

"बारीक, ताज्या पुटकुळीला गरम टिकलीने कदाचित थोडा फायदा होत असेल. आमच्या चौदांवरून तेवढंही छातीठोक सांगता येत नाही. मोठ्या पुटकुळीला काही फरक पडला नाही. आणि टिकली गार असतानाही मुलींना चटका बसला, बरंही वाटलं. पुटकुळ्या आपल्या आपणही जातात. खूप असतील तर डॉक्टरांना दाखवावं, खऱ्या डॉक्टरांना."

लोक हसले. टाळ्या पडल्या. दादाने मोबाइल खिशात टाकला.

बाहेर वडापावच्या गाडीपाशी त्याने दोघींना वडे घेऊन दिले आणि स्वतः पाव नुसता चटणीत बुडवत राहिला. प्रतिक्षाचा वडा तसाच हातात.

"दादा, राग आला?"

"राग नाही गं." तो चटणीकडे बघत म्हणाला. "तुला देण्याआधी दोन महिने मीच वापरत होतो. काय फरक पडेना. म्हटलं, माझीच कातडी गेंड्याची असेल. बहिणीला तरी लागू पडेल."

"म्हणजे वापरलेलं दिलंस मला? पगारवाढीची भेट म्हणून?"

"पुसून दिलं ना!"

सकूला ठसका लागला. प्रतिक्षाचा वडा आता मात्र एका घासात संपला. तिने हात झटकले, दप्तरातून वही आणि पट्टी काढली आणि दादाची हनुवटी उजेडाकडे वळवली.

"अगं, लोक बघतायत!"

"बघू देत. दोन महिने म्हणजे आमच्यापेक्षा जास्त. रोज लावायचास की आठवण आली की? तापवून की तसंच? सकू, लिही. उजवीकडे चार, ओठाखाली तीन... दादा, बोलू नकोस, माप हलतंय."