विसावं नाव

ही लाल फीत... बटनांच्या डब्यातून आत्ता हाताले लागली, एका टोकाले गाठ अजून तशीच — अन् आता जे सांगून राह्यली त्यातला शब्द न् शब्द खरा, खोटा निघाला तं माही जीभ झडो! ही फीत आमच्या बकरीची. चंद्रीची. हासू नको व पोरी, चंद्री शाळेत होती.

महाराष्ट्र नवाच झालता. सरकार म्हणे शिक्षण गावोगावी नेतो, पण आमची शाळा चौथीवरी. पाचवी उघडाची तं वीस लेकरं पाह्यजेत, असा वरून कागद आलता. आम्ही एकोणीस. पाचवी नाई तं वरवट बकालले पायी जाणं, अन् पोरीले एवढ्या दूर कोण धाडते? बाबा तं म्हणूनच बसले, "झाली चौथी, पुरे झालं." मी कोठ्यात ढोरांपाशी जाऊन रडो... तवा निवृत्ती मास्तरनं हाजरीत विसावं नाव टाकलं — आमच्या चंद्रीचं.

तपासणीले साहेब आले. चंद्री माह्या मागं, ही फीत बांधून, पाटीपुढं गुमान बसलेली. सारवलेल्या भुईचा तो वास... फीत नाकाशी धरली का अजून येते. साहेबानं नेमकं तिलेच विचारलं, "सात पाचे किती?" अन् चंद्रीनं खूर आपटला — मोजून पस्तीस वेळा!

"मास्तर, मुलगी हुशार आहे."

"मुलगी? आजी, साहेबाले दिसत नव्हतं काय?"

"चष्मा घरी राह्यलता त्याचा!"

पाचवी उघडली. मी सातवी केली, मास्तरीण झाली, तीस वर्षं हाजरी घेतली... चंद्री दुसऱ्याच दिवशी रानात. साहेबाची सही झालती ना, आता तिचं काय काम? संध्याकाळी दारात उभी राहून तिनं फीत सोडली, माह्या हातात देली — "घे, तुले लागन शाळेत."

बकरी कशी बोलन, म्हणतं?

हाव... तेवढं बनवलं मी. तेवढंच. बकरी नव्हती. कोकिळा होती, माही मोठी बहीण, तिसरीतून काढून बकऱ्यामागं लावलेली. बाकी सारं खरं — फीत, साहेब, पस्तीस. पस्तीस तं साहेबाचं विचारून व्हायच्या आधीच बोलली होती ती.

बकरी म्हटलं का लोकं हासतात, अन् मलेही हासू येते.

आज नाई आलं.