दोन इंची, दीड इंची

सकाळी सहा

हुलसूरच्या बाहेर शर्यतीसाठी रानात पट्ट्या बांधल्या होत्या. त्यांच्या कडेला मल्लेशनं टायरांच्या दोन जोड्या गवतावर टाकल्या. एक दोन इंची, अंगभर मोठे दात. दुसरी दीड इंची, दात इतके बारीक की हाताला गुळगुळीतच लागावी. मधे सायकल उलटी, चाकं आभाळाकडे.

मल्लेश सात वर्षं पुण्यात सायकलीच्या दुकानात होता. एका गिऱ्हाइकानं टाकून दिलेल्या डोंगरी सायकलीच्या सांगाड्यावर त्यानं ही उभी केली होती, बहिणीसाठी. गिअर तीन सायकलींचे, सीट चौथीची. टायर मात्र नवे, दोन्ही जोड्या.

बहीण तुळजा. सतरावं संपत आलेलं. क्रीडा वसतिगृहात मुलींची एकच जागा, आणि सतरा पुरं झालं की अर्ज घेत नाहीत. म्हणजे आजचाच दिवस. पहिली आली तर राहणं, शाळा, रोज सकाळी सायकल. नाही आली तर परत मुडबी, घर आणि मेंढरं.

शर्यतीचं नाव सायक्लोक्रॉस. भाद्रपदातल्या चिखलात, २०११ साली, या भागात पहिल्यांदाच. सायकल कुठलीही चालेल असं पत्रकात होतं. जिथं चालवता येत नाही तिथं खांद्यावर घेऊन पळायचं, हेही होतं.

फेरी अशी

काळं रान, तीनशे पावलं. परवापासून पाणी प्यालेलं.
गवत, उताराला तिरकं.
जांभ्याचा लाल चढ, मग तसाच उतार.
देवळामागच्या अठरा पायऱ्या. इथं उतरायचं आणि पळायचं.
चार वेळा. शेवट पायऱ्यांच्या माथ्यावर.

"मोठं घालायलास व्हय?" तुळजानं विचारलं. ती एका पायावर उभी राहून बुटाची नाडी बांधत होती.

"बारीक टायर गवतावर घसरतंय. जांभ्यावर तर इचारूच नको."

"आन काळं रान?"

"पाण्यागत झालंय ते. पाण्यात काय अडकतंय?"

तिनं मान डोलावली. टायरातलं मल्लेशअण्णाला कळतं, हे घरात ठरलेलं होतं.

साडेसहा

निवड करायला आलेले विरुपाक्ष सर फिरत फिरत तिथं आले. गुलबर्ग्याचे, मराठी अडखळत बोलणारे, पण आवाज मोठा. त्यांनी चाक फिरवलं, दातांवरून अंगठा फिरवला आणि बाकीच्या मुलींच्या भावांना, काकांना हाक मारली.

"बर्री, या इकडं! बघा, ह्याला म्हणतात तयारी. तुम्ही बाजारची सायकल आणलात. हा माणूस रान बघून टायर घालतोय!"

आठदहा जण गोळा झाले. कुणी टायर दाबून बघितलं. कुणी विचारलं, पुण्यात कुठल्या पेठेत दुकान. मल्लेशनं हवा किती ठेवायची तेही सांगितलं, कुणी विचारलं नसताना.

सात

त्यांचा बाप मायाप्पा चपला काढून काळ्या रानातून पार जाऊन परत आला. हातात काठी, धोतर गुडघ्यावर.

"आत्ता बरं हाय," तो म्हणाला. "दहाच्या आत उरकतंय का?"

"आठला सुरू, नऊला सपतंय, अप्पा."

"मग काय न्हाई."

मायाप्पाच्या घराण्यात पावसाळ्यात कुणी दहा ते दोन काळ्या रानातून मेंढरं घालत नाही. पातळ चिखल खुरातून वाहून जातो. वाळलेलं ढेकूळ फुटून जातं. मधला चिखल वाईट, ऊन खाऊन घट्ट होत चाललेला. तो खुराच्या फटीत बसतो, त्याच्यावर दुसरा थर, त्याच्यावर तिसरा, आणि मेंढरू पायात उखळ बांधल्यासारखं चालतं. संध्याकाळपर्यंत निम्मा कळप लंगडा. मायाप्पाला यासाठी घड्याळ लागत नाही. तो टाच उचलून बघतो.

आठ
प्रमुख पाहुणे आले नाहीत.

नऊ
पाहुणे चिटगुप्प्यातून निघाले, असं माइकवर सांगितलं. ऊन चटकायला लागलं.

नऊ चाळीस
पाहुणे आले. शाल, हार, फेटा. मग ज्यांनी शाल घातली त्यांना शाल. सरांनी भाषणात पुण्याच्या कारागिराचा उल्लेख केला. तो बघा, तिथं बसलाय. लोकांनी वळून बघितलं. मल्लेशनं हात जोडले.

तेवढ्यात मायाप्पा शेजारी येऊन बसला आणि त्यानं पाय पुढं केला.

"मल्लेशा, टाच बघ."

टाचेला काळा लाडू चिकटला होता.

"रान घट्ट बसायलंय. सकाळचं न्हाई हे आता."

"अप्पा, हे काय मेंढरू हाय का?"

"चिखलाला काय ठाव वरून कोण चाललंय ते?" मायाप्पानं सायकलीच्या पुढच्या चिमट्यात, टायर आणि लोखंडाच्या मधे, बोट घालून बघितलं. "बोट जाईना हितं. मोठं हाय हे. चिखल बसला की चाक धरतंय. ते बारीक घाल की, जागा ऱ्हाईल."

"बारीक जांभ्यावर घसरतंय."

"घसरंल. पर फिरंल तर."

बरोबर होतं. मल्लेशला ते बोट आत न जाताना दिसलं, तेव्हाच कळलं होतं. दुकानात गिऱ्हाइकाला तो स्वतः हेच सांगायचा, टायर आणि चिमट्याच्या मधे जागा ठेवा म्हणून. दोन्ही चाकं उतरवायची, टायर काढायचे, दुसरे चढवायचे, हवा. पंधरा मिनिटं.

मल्लेश उठतो. पिशवीतून बारीक जोडी काढतो. भाषण चालू असताना सगळ्यांसमोर चाकं उतरवतो. सर माइक सोडून विचारतात, काय झालं रे? मल्लेश म्हणतो, अप्पा म्हणतात ते बरोबर आहे, सर, माझं चुकलं.

असं झालं नाही.

"बघू," मल्लेश म्हणाला, आणि बसून राहिला. पाहुणे ग्रामीण खेळांवर बोलत होते. मायाप्पानं टाच काठीनं खरवडली आणि दुसरीकडे बघायला लागला.

दहा वीस. फेरी पहिली

शिट्टी. चौदा मुली.

काळ्या रानात शंभर पावलं सगळं ठीक. मग तुळजाचं पुढचं चाक जाड होत गेलं. चिखलाबरोबर वाळकं गवत, गवताबरोबर खडे. ब्रेकचे गुटके चिखलात दिसेनात. चाक थांबलं आणि तुळजा हँडलवरून पुढं झुकली.

शेजारून चिटगुप्प्याची बसम्मा गेली. साधी काळी सायकल, मडगार्ड काढून टाकलेले, बारीक चाकं. चिखल लागत होता आणि गळून पडत होता.

फेरी दुसरी

गवतावर तुळजानं तिघींना गाठलं. जांभ्याच्या उतारावर आणखी दोघींना. तिथं मोठे दात दगड धरून ठेवत होते. टायर चांगलं होतं. तेच मल्लेशला जास्त लागलं.

मदत फक्त पायऱ्यांपाशी करता येत होती. तिथं ती ओरडली, "अण्णा, चाक फिरंना!"

तो गुडघ्यांवर बसून बोटांनी चिखल उपसू लागला. नखात खडा घुसला. ती धापा टाकत होती आणि पायऱ्यांकडे बघत होती, तिथून मुली एकेक वर चढत होत्या.

"बारीक टायर हाय की तुझ्याजवळ?"

"आता येळ न्हाई, तुळजे. जा."

फेरी तिसरी

ती पुन्हा पायऱ्यांपाशी आली तेव्हा पुढच्या ब्रेकची तार सुटी लोंबत होती. तिनंच सोडली होती, चाकाला जागा व्हावी म्हणून. म्हणजे ती जांभ्याच्या उतारावरून पुढच्या ब्रेकशिवाय आली होती. डाव्या गुडघ्यापासून खाली सगळं लाल. माती किती आणि रक्त किती, ते कळत नव्हतं.

"तुळजे, ब्रेक!"

ती थांबली नाही. सायकल खांद्यावर, चिखलानं दुप्पट जड झालेली, आणि ती दोन दोन पायऱ्या गाळत गेली. पुढं आता एकटी बसम्मा.

फेरी चौथी

काळ्या रानात तिनं सायकल चालवलीच नाही. सगळी तीनशे पावलं उचलून पळाली. गवतावर अंतर कमी झालं. उतारावर आणखी कमी. लोक ओरडायला लागले. मायाप्पानं डोळे मिटले होते.

बसम्मा शेवटच्या पायरीवर होती तेव्हा तुळजा सहाव्या.

त्यानंतर

"दुसरी," विरुपाक्ष सर म्हणाले. "छान पळाली. नाव ठेवतो. कोण सोडून गेलं तर बघू." मग मल्लेशकडे वळून, "टायर चुकलं काय रे?"

"ऊन वाढलं, सर. येळ झाला ना."

सरांनी पाहुण्यांच्या मंडपाकडे बघितलं आणि ते निघून गेले.

तुळजा जमिनीवर बसली होती. पाणी पीत नव्हती, बाटली नुसती हातात. ती मायाप्पाला म्हणाली, "अप्पा, तुम्ही रान बघितलं होतं की. कळलं न्हाई का तुम्हाला, बसायलंय म्हणून?"

मायाप्पानं काठी जमिनीत रोवली. मग म्हणाला, "मला काय कळतंय टायरातलं? मी काय बोललो न्हाई."

"तुम्ही? रानाबद्दल? काय बोलला न्हाई?"

"न्हाई बोललो म्हणालो की."

मायाप्पा मल्लेशकडे बघत नव्हता. बघितलं असतं तर बरं झालं असतं. मल्लेशला एवढंच करायचं होतं, गप्प बसायचं, सकाळसारखं. बाप जन्मभर ते झाकून ठेवील, याची त्याला खात्री होती. आणि तुळजा जन्मभर समजेल की मेंढरामागं पन्नास वर्षं चाललेल्या माणसाला एक चिखल ओळखता आला नाही.

"बोलले होते," मल्लेश म्हणाला. "टाच दाखवली. चिमट्यात बोट घालून दाखवलं. मी ऐकलो न्हाई."

"कामून?"

त्यानं मंडपाकडे बघितलं. तिथं कुणीतरी माइकवर फुंकर मारून बघत होतं.

"किती येळ होता?"

"अर्धा तास."

"बदलायला किती लागतंय?"

"पंधरा."

तुळजा उठली. चाक फिरत नव्हतंच. तिनं सायकल पुढून उचलली, मायाप्पानं मागून. मल्लेश हात लावायला पुढं झाला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पुण्याची गाडी कवा हाय तुझी?"

"उद्या सकाळी."

"आजची गावती का बघ."