डावीकडचा नवा

मित्रांनो, मागच्या उजव्या चाकाशेजारी उभं राहून अकरा वर्षं खड्डे गिळलेला मी एक जुना शॉकॲब्सॉर्बर आहे. पोटात तेल, तेलात दांडा, एवढाच माझा संसार. धक्के मी खायचे आणि डुलकी मागे बसलेल्यांनी घ्यायची.

आमच्या मालकीणबाई शाळेत रसायनशास्त्र शिकवतात. डावीकडे माझा जुळा भाऊ होता. आम्हा दोघांचंही कौतुक कधी कोणी केलं नाही, त्यामुळे आमचं छान जमायचं. मग तो निकामी झाला. बाईंचे यजमान म्हणाले, "उजवा चालतोय की अजून!" आणि त्यांनी फक्त डावा बदलला.

नवा आला तो काळा, चकचकीत. पहिल्याच दिवशी यजमान म्हणाले, "अगं, डावीकडे बसून बघ. लोण्यासारखं वाटतंय!"

अकरा वर्षांत मला कोणी साधं ताकसुद्धा म्हटलं नव्हतं.

एके सकाळी बाईंनी माती कालवलेल्या पाण्याची झाकणबंद बरणी आणली. अशा मिश्रणाला निलंबन म्हणतात. त्यातले कण विरघळत नाहीत, निवांत ठेवले की तळाशी बसतात. तो बसलेला गाळ मुलांना तसाच दाखवायचा होता. "डावीकडच्या सीटवर ठेवते," बाई म्हणाल्या, "तिथे हिंदकळायची नाही."

झालं! शाळेच्या फाटकाजवळचा खड्डा मला तोंडपाठ होता. तिथे मी मुद्दाम अंग सोडलं. गाडी डुलली, बरणी आडवी झाली. वर्गात पोचलं ते नुसतं गढूळ पाणी.

"नवा असून हा असला!" बाई चिडल्या. खोटं कशाला बोलू, मी सुखावलो.

त्यांनी गाडी गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिक मात्र वाकला तो थेट माझ्याकडेच. "बाई, गळतोय तो उजवा. एका पायात नवा बूट, दुसऱ्यात झिजलेली चप्पल, तोल जाणारच. हे जोडीनं बदलायचे असतात हो!"

तेव्हा मला कळलं. मी अंग सोडलं नव्हतं, अंगानंच मला सोडलं होतं.

मलाही बदललं. आता मी बाईंच्या शाळेतल्या प्रयोगशाळेच्या दाराला टेकण म्हणून असतो. समोरच्या फळीवर तीच बरणी आहे. ढवळली तरी दुपारपर्यंत तिचं पाणी निवळतं. माझंही निवळत आलेलं असतं. तेवढ्यात बाहेर गाडी थांबते, यजमान म्हणतात, "आता दोन्हीकडे लोणी!" आणि माझ्या तळाचं सगळं वर येतं.

म्हणून मित्रांनो, विनंती एवढीच. जोडीतला एक बदलाल, तेव्हा दुसऱ्याकडेही वाकून बघा. आणि नव्याचं कौतुक जरूर करा, फक्त जुन्याच्या कानाशी नको.