बशीतलं काळीज

"आधी यांना स्पष्ट सांगा," बाई खुर्चीत न बसताच म्हणाली, "ते नवं काळीज बसवणार कधी?"

प्रयोगशाळेतल्या मॅडम गोंधळल्या. मेस्त्री बायकोला कोपरानं ढोसू लागले. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला हा माणूस आता जिना चढताना धापा टाकत होता. हृदयाचा स्नायू निम्म्याहून अधिक निकामी झालेला. डॉक्टर छातीत मशीन बसवायचं म्हणत होते आणि हे दोनदा तारीख घालवून बसले होते. का, तर गेल्या वर्षी इथल्या लोकांनी त्यांचं रक्त नेलं, त्यातून त्यांच्याच हृदयाच्या पेशी बनवणार म्हणाले. "घरचा पार्ट तयार होतोय, मग बाहेरचा कशाला?" हे त्यांचं पालुपद.

बाईला पहिल्यापासून संशय होता. फुकटात कोण कुणासाठी काही करतं का? रक्त घेताना काय ते गोड बोलणं, काय ती बिस्किटं. नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं.

"बघा तरी," म्हणत मॅडमनी मायक्रोस्कोपखाली एक काचेची बशी ठेवली. "तुमच्या रक्तातल्या पेशी आधी कोऱ्या केल्या, कशातही बदलू शकतील अशा. मूळ पेशी म्हणतात त्यांना. मग मायक्रो-आरएनए नावाचे बारीक तुकडे आत सोडले. ते नको त्या सूचना दाबून टाकतात आणि पेशी हृदयाच्या वाटेला लागते."

मेस्त्रींनी डोळा लावला तो काढवेना. "अगं, चालू आहे गं. धडधडतंय."

"कशावरून तुमचंच? कुणाचंही दाखवतील. तुम्हाला काय कळतंय त्यातलं."

मॅडमनी बशीवरचा नंबर दाखवला. नंबर काय, कुणीही लिहील.

"ते राहू द्या. कधी बसवणार तेवढं बोला."

मॅडमनी नजर चुकवली नाही, हे मात्र खरं. "हे बसवायचं नाहीये, काका. यावर आम्ही औषधं तपासतो. माणसात घालायला अजून किती वर्षं जातील, मलाही माहीत नाही. कुणी तसं सांगितलं होतं का तुम्हाला?"

"नाही," मेस्त्री म्हणाले. "मीच धरून चाललो."

हेच तर बाईला वदवून घ्यायचं होतं. पण नवऱ्याचा चेहरा पडला. कशाला आणलं आपण यांना इथे, असं तिला वाटून गेलं.

"मशीनची तारीख घे," मेस्त्री हळूच म्हणाले. "आणि आलीच आहेस तर बघून घे."

ती नाइलाजानं वाकली. चिमूटभर काहीतरी आकसत होतं, सैल होत होतं, पुन्हा आकसत होतं. ती बराच वेळ तशीच वाकून राहिली.

"यांना खायला काय घालता?"

"त्या पाण्यात साखर असते, क्षार असतात. एक दिवसाआड बदलतो आम्ही."

बाईनं मान वर केली. या लोकांवर तिचा अजूनही भरवसा नव्हता.

"साखर जरा बेतानं घाला," ती म्हणाली. "यांना मधुमेह आहे."